आजोबांची .३१८ रायफल, वारसाचा परवाना आणि काडतुसाची निवड

घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या शिकारी रायफलीचा परवाना आपल्या नावावर करून घेणे आणि त्या रायफलीचे काडतूस मिळेनासे झाले असेल तर पुढे काय करायचे ते ठरवणे, या दोन कामांत माझा जून २०२३ ते मार्च २०२५ हा काळ गेला. आमची शेती मोहोळ तालुक्यात आहे. वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, दोन शस्त्रे होती. एक बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतील मापाचे नाव) दुनळी आणि दुसरी आजोबांनी स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी एका परवानाधारकाकडून विकत घेतलेली वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज कंपनीची .३१८ बोअरची बोल्ट रायफल. सोलापूर जिल्ह्यातील बऱ्याच घरांत असा वारसा कपाटात पडून आहे आणि माझ्यासारखीच चौकशी करत फिरणारी माणसे मला या काळात भेटली, म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची सुधारणा यांनंतर आपल्याकडे शिकार हा विषय संपलेला आहे. आमच्या शिवारात काळविटांचे कळप येतात, रानडुकरे मका आणि ऊस लोळवतात, नान्नजचे माळढोक अभयारण्य फार लांब नाही; पण पिकाचे नुकसान झाले तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकाही प्राण्यावर गोळी चालवता येत नाही. त्यामुळे लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलीसाठी कोणते काडतूस उत्तम, या प्रश्नाचे आपल्याकडचे रूप अगदी वेगळे होते. कोणते काडतूस कायद्याने आणि व्यवहाराने आपल्याला मिळत राहील, एवढेच त्यातून उरते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अण्णांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. २०१६ च्या शस्त्र नियमांतील नियम २५ असे सांगतो की परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याच्या वयाला सत्तर वर्षे झाल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, ते शस्त्र कायदेशीर वारसाला देता येते. लोक याला परवान्याचे हस्तांतरण म्हणतात. प्रत्यक्षात वारसाला नवीन परवाना घ्यावा लागतो, त्यामुळे नव्या अर्जदाराची सगळी कागदपत्रे लागतात. अर्ज कोणाकडे करायचा हेही आधी पाहावे. सोलापूर शहरात राहणाऱ्यांसाठी परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करतो आणि त्याला शस्त्राची आवड नाही, शेती मी पाहते, त्यामुळे अर्ज माझ्या नावाने करायचे ठरले. त्याचे आणि आईचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवले, हे फार उपयोगी पडले; रांगेत माझ्यापुढे असलेल्या एका गृहस्थांची फाइल केवळ विवाहित बहिणीची संमती नाही म्हणून परत गेली होती.

अर्ज नमुना अ-१ सोबत सातबारा, आठ अ, आधार, छायाचित्रे, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, अण्णांच्या मूळ परवान्याची प्रत आणि त्यावरचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर हे सारे जोडले. हा नंबर नसलेला परवाना २९ जून २०२० नंतर ग्राह्य धरला जात नाही, तेव्हा ज्यांच्या घरी परवान्याची जुनी वही तशीच पडून आहे त्यांनी सर्वप्रथम तो आहे का ते पाहावे. शस्त्र हाताळणीचे सुरक्षा प्रशिक्षणही बंधनकारक आहे. ते मी पुण्यात घेतले. शुल्क, प्रवास आणि एका रात्रीचा मुक्काम धरून साडेसात हजारांच्या आसपास खर्च आला. त्या वर्गात मी एकटीच बाई होते आणि पहिला तासभर सगळे मला कोणाची तरी नातेवाईक समजत होते, पण प्रशिक्षकांनी नळीची दिशा आणि ट्रिगरवरचे बोट याबाबत सर्वांना सारख्याच कडकपणे झापले.

अर्ज जून २०२३ च्या मध्यास दाखल झाला आणि तिथेच थांबला, कारण त्या वर्षी आषाढी एकादशी २९ जूनला होती. आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस सोलापूर ग्रामीणचे पोलीस दल पंढरपूरच्या बंदोबस्तात असते हे आम्हाला काही नवीन नाही. आपल्या जिल्ह्यात पोलीस पडताळणी लागणारे कोणतेही काम वारीच्या तोंडावर सुरू करू नये, एवढे मात्र मी आता प्रत्येकाला सांगते. चौकशीला हवालदार ऑगस्टमध्ये घरी आले. त्यांनी कपाट पाहिले, शेजाऱ्यांचे जबाब घेतले, माझ्यावर गुन्हा नसल्याची खात्री केली आणि दोन्ही शस्त्रांचे क्रमांक परवान्याशी पडताळले.

या पडताळणीत एक अडचण निघाली. आजोबांच्या काळातील हस्तलिखित नोंदीत शाई उडाली होती आणि .३१८ मधला आठ पाचासारखा दिसत होता. .३१५ हे आपल्या देशातील सर्वांत परिचित रायफल बोअर असल्यामुळे वाचणाऱ्याला तसेच वाटणे स्वाभाविक होते. परंतु ही दोन काडतुसे एकमेकांची नातेवाईक नाहीत. .३१५ म्हणजे मुळात ८ मिलिमीटरचे ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतूस. त्याच्या पुंगळीला, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळीला, तळाशी बाहेर आलेली कड असते आणि गोळीचा व्यास सुमारे ८.२ मिलिमीटर असतो. .३१८ वेस्टली रिचर्ड्स हे १९१० च्या सुमारास त्या कंपनीने स्वतःच्या रायफलींसाठी काढलेले काडतूस आहे. त्याच्या पुंगळीला कड नाही आणि आकड्यावरून वाटत नसले तरी गोळी जवळजवळ ८.४ मिलिमीटरची आहे. नावातील आकडा कधी नळीच्या आतील कंगोऱ्यांमधले अंतर सांगतो, कधी गोळीचा व्यास, तर कधी केवळ व्यापारी सोय असते. म्हणून आकडा जवळचा आहे या भरवशावर एका रायफलीत दुसरीचे काडतूस बसवून पाहणे जिवावर बेतू शकते. आमच्या प्रकरणात पोलीस मुख्यालयातील आर्मोररने, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने, नळीवरची कोरीव अक्षरे वाचून अहवाल दिला आणि त्यावरून नोंद पक्की झाली. ज्यांच्या घरी जुने शस्त्र आहे त्यांनी नळीवरचा मजकूर आणि शस्त्राचा क्रमांक यांचे स्वच्छ छायाचित्र काढून अर्जासोबतच द्यावे.

त्यानंतर गणपती, नवरात्र, दिवाळी असे बंदोबस्त येत गेले आणि अहवाल वर जात राहिला. जानेवारी २०२४ मध्ये, शहरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गर्दी असताना, परवाना माझ्या हातात आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. ही दोन शस्त्रांची मर्यादा पुढच्या सगळ्या विचाराचा पाया ठरली. दुनळी शेतावर उपयोगाची, तिची काडतुसे सहज मिळणारी, म्हणून ती राहणारच होती. राहिलेल्या एका जागेवर कोणती रायफल असावी, हा प्रश्न होता.

विचाराला लागणार तोच १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान ७ मे रोजी होते. नोटीस आली आणि दोन्ही शस्त्रे जमा करावी लागली. जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे का ते तिथेच उभे राहून वाचावे, कारण जूनमध्ये परत घेताना तोच कागद आधार असतो.

त्या तीन महिन्यांत मी काडतुसांचा अभ्यास केला. परदेशी शिकाऱ्यांचे लिखाण वाचले की काडतुसांच्या तीन जाती दिसतात. पहिली प्रमाणित, तिची मापे आणि दाब अमेरिकेतील सामी किंवा युरोपातील सीआयपी या संस्थांनी ठरवून प्रसिद्ध केलेले असतात, त्यामुळे कोणत्याही कारखान्याचे काडतूस त्या बोअरच्या कोणत्याही रायफलीत बसते. १९०६ चे .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९५२ चे .३०८ विंचेस्टर, १९६३ चे .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि अलीकडचे, २००७ चे ६.५ क्रीडमूर ही सारी त्यातली. दुसरी जात मालकीच्या काडतुसांची, म्हणजे एखाद्या बंदूककाराने आपल्याच रायफलींसाठी काढलेली. आजोबांची .३१८ जन्माने या जातीची. तिसरी जात हौशी कारागिरांची; ते प्रमाणित पुंगळीची मान बारीक किंवा रुंद करून, खांद्याचा कोन बदलून स्वतःचे काडतूस घडवतात आणि त्याला तिकडे वाइल्डकॅट म्हणतात. या काडतुसाला कारखान्याची जोड नसते. प्रत्येक पुंगळी घडवावी लागते, साचे खास बनवून घ्यावे लागतात आणि रायफलीचा चेंबरही, म्हणजे काडतूस बसते ती नळीतील जागा, त्याच मापाने कोरावा लागतो.

अशा खास काडतुसांचे कौतुक करणारे लोक सांगतात की त्यामुळे गोळीची वाट अधिक सपाट राहते आणि तीनशे-चारशे मीटरवर वाऱ्याचा परिणाम कमी होतो. त्यात तथ्य आहे, आणि आज दुकानात मिळणारी .२२-२५० किंवा .२५-०६ ही काडतुसे एके काळी अशीच हौशी होती. रेमिंग्टन कंपनीने त्यांना अनुक्रमे १९६५ आणि १९६९ मध्ये कारखान्यात आणले. पण हा सारा खेळ ज्या देशांत माणूस घरच्या टेबलावर पुंगळ्या भरतो तिथला आहे. आपल्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करणे आणि शस्त्रात बदल, दुरुस्ती किंवा चाचणी करणे हा परवानाधारक व्यावसायिकाचा अधिकार आहे, शस्त्र बाळगणाऱ्याचा नाही. .३१८ ची पुंगळी .३०-०६ च्या पुंगळीपासून घडवता येते असे तिकडचे लोक लिहितात, आणि ते खरेही आहे. मोहोळच्या शेतकऱ्याला मात्र त्या माहितीचा काही उपयोग नाही.

अण्णांच्या डब्यात कायनॉक कंपनीची थोडी काडतुसे शिल्लक होती. कायनॉकने अशा शिकारी काडतुसांचे उत्पादन १९७० च्या सुमारास बंद केले, म्हणजे ती निदान पन्नास वर्षांपूर्वीची. जुन्या इंग्रज काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असते आणि ती उष्णतेला संवेदनशील असते. गरम हवेत दाब वाढतो म्हणून त्या काळी उष्ण देशांसाठी कमी भाराची काडतुसे वेगळी बनवली जात. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीतले कपाट त्याहूनही तापते. इतके उन्हाळे खाल्लेल्या काडतुसाचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी तळाची टोपी, पेटेल की नाही, पेटला तर लगेच की थोडा थांबून, याची खात्री कोणीही देणार नाही. ती काडतुसे मी अर्ज देऊन पोलीस ठाण्यात जमा केली आणि पोच घेतली. अण्णांना ते आवडले नाही. एक तरी आठवण म्हणून ठेव, असे ते म्हणाले. पण परवान्याच्या हिशेबात न बसणारे एक जिवंत काडतूससुद्धा गुन्हा ठरू शकते, हे त्यांनाच मी त्यांच्या जुन्या वहीतील अटी वाचून दाखवून पटवले.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी सोलापूर, पुणे आणि मुंबईतील विक्रेत्यांकडे .३१८ ची चौकशी केली. बहुतेकांनी नाव ऐकूनच मान हलवली. एका वयस्कर विक्रेत्याने मात्र रायफलीची छायाचित्रे बराच वेळ पाहिली आणि आफ्रिकेत हत्तींची शिकार करणारा बेल याच बोअरची रायफल वापरत असे, २५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) लांब गोळी खोलवर जाते म्हणून तिचे नाव होते, अशी माहिती दिली. काडतूस मिळेल का, यावर ते म्हणाले, “ताई, रायफल सोन्याची आहे, पण तिला खायला घालायला तुमच्याकडे काही नाही.” नळी बदलून घेण्याचा पर्यायही मी त्यांना विचारला. परवानाधारक कारागीर, प्राधिकाऱ्याची मंजुरी, बदललेल्या बोअरची नवी नोंद आणि शेवटी मूळ रायफलीचे नष्ट झालेले मोल, हे सगळे ऐकल्यावर मी तो विचार सोडला. माझ्या मते शंभर वर्षांची चांगली रायफल कापून नवी करण्यापेक्षा ती जशी आहे तशी जाणकाराकडे जाणे बरे.

मग उरले .३१५ आणि .३०-०६. दोन्ही बोअरच्या रायफली पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनतात आणि दोन्हींची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत गेले, तरी दुकानदारांच्या तोंडी नाव जुनेच आहे. केवळ कामगिरी पाहिली तर .३०-०६ सरस आहे. तिची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या पुढे जाते, तर .३१५ ची २४४ ग्रेनची बोथट गोळी सहाशेच्या आसपास. दोनशे मीटरनंतर .३१५ ची गोळी झपाट्याने खाली येते. जगाच्या बाजारात .३०-०६ सर्वत्र मिळते आणि .३१५ चे नावही बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. ब्रिटिश अमलात लष्करी .३०३ नागरिकांना नाकारले गेल्यामुळे हे बोअर आपल्याकडे रुजले. .३०३ तर आजही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्यामुळे जुन्या .३०३ चे स्वप्न कोणी पाहत असेल तर त्याने ते सोडून द्यावे.

तरीही मी .३१५ निवडली. सोलापुरात मी ज्या ज्या वेळी विचारले त्या त्या वेळी .३१५ ची काडतुसे फडताळात होती, आणि .३०-०६ साठी “मागवावी लागतील” हे उत्तर मिळाले. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, ती थोडी थोडी घ्यायची असतात, प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर चढते. अशा वेळी जवळच्या दुकानात मिळणाऱ्या मालाला महत्त्व येते. शिवाय आमचा मुलूख सपाट आहे. माळावर गोळी अडवायला डोंगर नाही, शेताच्या पलीकडे वस्ती आहे, गुरे आहेत, आणि रायफलीची कोणतीही गोळी किलोमीटरभराहून पुढे जाते. लांब पल्ला हा इथे गुण म्हणून मोजावा असे मला वाटत नाही. पुण्यातील माझ्या भावाला हा निर्णय कमीपणाचा वाटला आणि त्याने मला आलेखांसकट लांबलचक निरोप पाठवले. ज्याला खरोखर क्रीडा नेमबाजी करायची आहे, ज्याच्याजवळ मोठ्या बोअरची रेंज आहे, त्याच्यासाठी त्याचे म्हणणे योग्यच आहे.

रायफल विकण्यासाठी कलम ५ नुसार आधी लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. ही सूचना मी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस दिली आणि सोबतच परवान्यावर .३१८ च्या जागी .३१५ ची नोंद मिळावी असा अर्ज केला. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली, शस्त्रे पुन्हा जमा झाली आणि २० नोव्हेंबरचे मतदान, मग मतमोजणी यांत वर्ष संपत आले. या वेळी मला त्रास वाटला नाही, कारण ४५ दिवसांची मुदत त्यातच निघून गेली. जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी आली.

.३१८ एका संग्राहक परवानाधारकाने विक्रेत्यामार्फत घेतली. मोल म्हणून हाती आलेली रक्कम पंचवीस हजारांच्या जवळपास होती, आणि इंग्लंडमध्ये अशा रायफलीला काय किंमत येते हे वाचून असलेल्या कोणालाही ती तुटपुंजी वाटेल. पण काडतूस नसलेल्या शस्त्राला इथे तेवढाच भाव आहे. अण्णा व्यवहाराला स्वतः आले. घेणाऱ्याला बोल्ट कसा काढायचा ते त्यांनी दाखवले, तेलाचा जुना डबा सोबत दिला आणि रस्त्याने परतताना तुरीच्या भावाबद्दल बोलत राहिले.

नवी .३१५ मार्च २०२५ मध्ये घेतली. करांसह ती पाऊण लाखाच्या आत-बाहेर पडली. खरेदीआधी विक्रेत्याकडून बोअर, नळीचा क्रमांक आणि बोल्टवरचा क्रमांक पावतीत लिहून घेतले, चेंबर रिकामा असल्याचे स्वतः पाहिले आणि परवाना कार्यालयात शस्त्र दाखवून नोंद पुरी केली. पहिल्या काडतुसांच्या पेटीवरचा उत्पादनाचा महिना आणि लॉट क्रमांकही वहीत टिपला आहे. पुंगळ्या फेकायच्या नाहीत, त्या मोजून ठेवायच्या, कारण पुढच्या खरेदीला विक्रेता जुन्या काडतुसांचा हिशेब विचारतो. परवाना जानेवारी २०२४ चा असल्यामुळे नूतनीकरण जानेवारी २०२९ मध्ये आहे, आणि मुदत संपण्याच्या पुरेसे आधी अर्ज करायचा असल्याने तो २०२८ ची दिवाळी होताच करायचे ठरवले आहे.